रात्रीपुरतं रान

अमेरिकेच्या वनकायद्यात रात्रीच्या मुक्कामाचा सुरुवातीला उल्लेखही नव्हता. ४ जून १८९७ रोजी झालेल्या कायद्याने सरकारी जंगलं राखण्याची कारणं स्पष्ट सांगितली: नद्यांना पाणी राहावं आणि देशाला लाकूड मिळत राहावं. सहल, हवापालट, तंबू, शेकोटी यांना त्यात जागा नव्हती. मात्र त्याच कायद्यात एक छोटं कलम होतं. योग्य आणि कायदेशीर कामासाठी जंगलात येणाऱ्या कोणालाही हा कायदा आडवा येणार नाही, येणाऱ्याने नियम तेवढे पाळावेत, असा त्याचा आशय. ते घातलं होतं सोन्याचांदीच्या खाणी शोधत हिंडणाऱ्यांसाठी. सरकारने डोंगरच्या डोंगर राखीव केल्यामुळे पश्चिमेकडची राज्यं संतापली होती आणि त्यांची समजूत काढणं भाग होतं. खाणी शोधणारे पुढे कमी झाले, दार मात्र उघडंच राहिलं. वळकटी आणि तवा घेऊन लोक त्या दारातून आत येत राहिले. त्यांच्यामागून वनखातं धावत राहिलं, कधी संडास बांधत, कधी चुली बसवत, कधी नियम लिहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांतल्या मुक्कामाचा इतिहास हा बराचसा या धावाधावीचा इतिहास आहे.

राष्ट्रीय उद्यानं वेगळी आणि राष्ट्रीय वनं वेगळी. यलोस्टोन, योसेमिटी ही उद्यानं. ती पाहण्यासाठी राखलेली. राष्ट्रीय वनं वापरण्यासाठी राखलेली. तिथे झाडं तोडली जातात, गुरं चरतात, धरणं बांधली जातात, शिकार होते. १८९१च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना असे टापू राखून ठेवण्याचा अधिकार दिला, १९०५मध्ये ते शेतीखात्याकडे आले आणि गिफर्ड पिंशो हा नव्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. आज अशी १५४ राष्ट्रीय वनं आहेत. खात्याच्या ताब्यातली जमीन सुमारे १९ कोटी ३० लाख एकर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपट.

पिंशोच्या घडणीत भारताचाही हात आहे. तरुणपणी तो युरोपात वनशास्त्र शिकायला गेला तेव्हा त्याला वाट दाखवली डिट्रिश ब्रँडिस यांनी. ब्रँडिस हे हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक. १८६४पासून जवळजवळ वीस वर्षं त्यांनी इथलं खातं उभं केलं आणि मग जर्मनीला परतले. जंगल मोजावं, त्याचा आराखडा करावा, तोड आणि वाढ यांचा मेळ घालावा हे धडे एकाच गुरूकडून दोन्ही देशांत गेले. दार मात्र वेगवेगळं बसलं. आपल्याकडे राखीव जंगलात विनापरवाना शिरणं हाच १९२७च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मेळघाटापासून पुढे जंगलाजंगलांत जी जुनी विश्रामगृहं दिसतात ती फिरतीवरच्या साहेबांसाठी बांधलेली होती. रानात रात्र काढण्याची सोय आपल्याकडे हुद्द्यातून आली. अमेरिकेत ती येणाऱ्याने स्वतःच करून घेतली.

‘येणाऱ्याने’ असं म्हणताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. ही रानं रिकामी नव्हती. कोलोरॅडोतल्या व्हाइट रिव्हरच्या पठारावर यूट लोक पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात तळ टाकत, शिकार करत, थंडी पडू लागली की खाली उतरत. १८७९मध्ये सरकारी एजंटाशी झालेला संघर्ष रक्तपातापर्यंत गेला, आणि १८८१मध्ये त्यांना बंदुकीच्या धाकावर शेजारच्या युटामध्ये हाकलण्यात आलं. पुढच्या दहा वर्षांत, १८९१ साली, ते पठार देशातल्या अगदी पहिल्या राखीव जंगलांपैकी एक म्हणून जाहीर झालं. शहरी माणसाला तिथे जो एकांत सापडला तो असा तयार झालेला होता.

सुरुवातीची वर्षं मुक्कामी लोक थोडे होते. मेंढपाळ, शिकारी, खाणी शोधणारे, सुट्टीत मासे धरायला घोडागाडीने आलेली आसपासची शेतकरी कुटुंबं. रखवालदार त्यांच्याकडे पाहत ते मुख्यतः आगीच्या भीतीने. ती भीती खोटी नव्हती. ऑगस्ट १९१०मध्ये आयडाहो आणि मोंटानात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं, आग विझवायला गेलेली कितीतरी माणसं गेली. नव्या खात्याच्या मनावर त्या आगीचा वण कायमचा राहिला. विझवायची राहून गेलेली प्रत्येक शेकोटी त्यांना तेव्हापासून संकटासारखी दिसू लागली.

मग मोटार आली.

फोर्डची मॉडेल टी १९०८मध्ये बाजारात आली आणि किंमत उतरत उतरत सामान्य कामगाराच्या आवाक्यात पोचली. रेल्वेने जाणाऱ्याला स्टेशन गाठावं लागे आणि हॉटेलात उतरावं लागे. मोटारवाल्याला कुठेही थांबता येई. मागच्या सीटवर तंबू, पायरीवर खोकी बांधलेली, बादली लटकवलेली, अशा गाड्या पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डोंगरात शिरू लागल्या. ओरेगॉनमध्ये पोर्टलंडहून कोलंबिया नदीच्या खोऱ्यात जाणारा देखणा रस्ता १९१६मध्ये समारंभाने खुला झाला. त्याच रस्त्यालगत, त्याच वर्षी, वनखात्याने ईगल क्रीक या ओढ्याकाठी मुक्कामाची जागा तयार केली: टेबलं, चुली, संडास, देखरेखीला रेंजरची चौकी. वनखात्याने मुद्दाम बांधलेलं हे पहिलं कॅम्पग्राउंड मानतात. तिथून ओढ्याच्या बाजूने बेसॉल्टचे कडे फोडून सुमारे वीस किलोमीटरची पायवाट काढली. एका धबधब्याच्या पाठीमागे तर कातळात बोगदाच खोदला. लाकूड मोजणाऱ्या खात्याने केवळ बघण्याच्या आनंदासाठी सुरुंग लावावेत हे तेव्हा नवंच होतं.

१९१६लाच असं का घडलं याला दुसरंही कारण आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय उद्यानांचं स्वतंत्र खातं स्थापन झालं. त्याचा प्रमुख स्टीफन मॅदर प्रसिद्धीत तरबेज होता, आणि सुंदर टापू दिसला की तो उद्यानात घ्यावा असं त्याला वाटे. ते टापू बहुतेक वेळा वनखात्याच्या ताब्यात असत. आपल्याकडेही लोक येतात, आपणही त्यांची सोय करतो, हे दाखवणं वनखात्याला गरजेचं झालं. मॅसॅच्युसेट्सच्या शेती महाविद्यालयातले प्राध्यापक फ्रँक वॉ यांना खात्याने पाहणीला पाठवलं. १९१८च्या अहवालात त्यांनी सांगितलं की मनोरंजन हा जंगलाचा जोडधंदा नाही. लाकूड, चराई आणि पाणी यांच्या बरोबरीचा तो वापर आहे, आणि त्यासाठी शिकलेली माणसं नेमली पाहिजेत.

खात्याने माणूस नेमला, एकच. आर्थर कारहार्ट, आयोवातला, लँडस्केप आर्किटेक्चर शिकलेला, नुकताच सैन्यातून परतलेला. मार्च १९१९मध्ये तो डेन्व्हरच्या कचेरीत रुजू झाला तेव्हा जुन्या वनाधिकाऱ्यांनी त्याचं नाव ‘ब्यूटी इंजिनिअर’ ठेवलं. थट्टा होती, पण त्याने काम अंगावर घेतलं ते अगदी मातीतलं. कोलोरॅडोतल्या प्वेब्लो या पोलाद गिरण्यांच्या गावातले लोक रविवारी जवळच्या सॅन इझाबेल वनात गर्दी करत. ओढ्याचं पाणी घाण होई, जागोजागी राख पडे. कारहार्टने स्क्विरल क्रीकच्या घळीची आखणी केली: गाड्या कुठे थांबतील, चुली कुठे, संडास पाण्यापासून किती लांब, कुठून पायवाट निघेल. एकेका जागेचा सुटा विचार न करता अख्ख्या वनाचा मिळून आराखडा करावा हा त्याचा आग्रह होता, आणि सॅन इझाबेलचा आराखडा तसा केलेला पहिला म्हणून ओळखला जातो.

पैसा मात्र नव्हता. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मनोरंजनासाठी छदामही मंजूर केलेला नव्हता. तेव्हा वन अधीक्षक अल हॅमेल आणि प्वेब्लोचे नागरिक यांनी मिळून १९१९मध्ये एक संस्था काढली आणि वर्गणी जमवली. वन केंद्र सरकारचं, आराखडा खात्याचा, चुलींचे पैसे गावाचे. सरकारी जंगलातल्या या मुक्कामाची सुरुवात लोकवर्गणीतून झाली, याची आठवण ठेवायला हवी; पुढे खातं मोठं झालं तेव्हा ही बाजू झाकली गेली. स्क्विरल क्रीकचा बराच भाग १९४७च्या पुराने वाहून गेला.

त्याच १९१९च्या उन्हाळ्यात कारहार्टला ट्रॅपर्स लेक या तळ्यावर पाठवण्यात आलं. हे तळं यूट लोकांच्या त्याच जुन्या पठारावरचं. काम सोपं होतं: काठाने रस्ता आखायचा आणि घरांसाठी प्लॉट पाडायचे. १९१५च्या एका कायद्याने खात्याला राष्ट्रीय वनात उन्हाळी घरांसाठी तीस वर्षांपर्यंत जमीन भाड्याने देता येत होती, आणि अशा घरांना मागणी खूप होती. कारहार्टने मोजणी केली, काठावर तळ ठोकून असलेल्या दोन शिकाऱ्यांशी रात्री वाद घातले, आणि परत येऊन सांगितलं की इथे एकही प्लॉट पाडू नये. वरिष्ठांनी ते मानलं, हे अधिक नवल. मोटाररस्ता आजही काठाच्या अलीकडेच थांबतो.

या निर्णयाकडे सहसा रान रस्त्यांविना, आहे तसंच राखण्याच्या चळवळीची सुरुवात म्हणून पाहतात, आणि ते बरोबरच आहे. त्या वर्षाच्या डिसेंबरात वनखात्यातलाच एक अधिकारी आल्डो लिओपोल्ड डेन्व्हरला येऊन कारहार्टला भेटला, १९२४मध्ये न्यू मेक्सिकोतल्या गिला वनाचा मोठा टापू रस्त्यांविना ठेवण्यात आला, आणि १९६४च्या कायद्याने राष्ट्रीय वनांतलेच ९१ लाख एकर एका फटक्यात कायमचे राखले. पण मुक्कामाच्या अंगाने पाहिलं तर ट्रॅपर्स लेकचा प्रश्न आणखी साधा होता. काठावर घरं झाली असती तर तळं पन्नास कुटुंबांचं झालं असतं, वर्षानुवर्षं त्यांचंच. तंबू ठोकणारा दोन रात्री राहतो आणि जागा पुढच्यासाठी मोकळी करतो. सार्वजनिक जमीन सार्वजनिक राहायची तर तिथला वास तात्पुरता असला पाहिजे, हे तत्त्व त्या काठावर ठरलं.

१९२२ साली काँग्रेसने पहिल्यांदा पैसे दिले. सगळ्या राष्ट्रीय वनांतल्या मुक्कामाच्या जागांसाठी मिळून १० हजार डॉलर. तेही सौंदर्यासाठी नाही, स्वच्छतेसाठी आणि आगी टाळण्यासाठी. त्याच वर्षाच्या शेवटी कारहार्टने राजीनामा दिला.

दरम्यान लोक येतच होते, आणि १९२०च्या दशकात एक विचित्र गोष्ट दिसू लागली. लोकांच्या सगळ्यात आवडत्या जागांवरची झाडं वाळू लागली. ना कीड, ना वणवा, ना दुष्काळ. याचा छडा लावला तो कॅलिफोर्नियातल्या ई. पी. माइनेके या वनस्पतिरोग-तज्ज्ञाने. झाडांचे आजार शोधणारा हा माणूस रेडवुडच्या राईत उतरला आणि त्याने जमिनीखाली पाहिलं. पायांनी आणि त्याहून अधिक मोटारींच्या चाकांनी माती दाबली जाते, तिच्यातली हवा निघून जाते, पाणी मुरत नाही, आणि वरच्या थरातली बारीक मुळं चिरडली जातात. वर झाड भक्कम उभं असतं, खाली त्याची उपासमार सुरू झालेली असते. आधी झुडपं जातात, मग रोपं, मग सावली. सावली गेली की मुक्कामी लोक कुरकुरत शेजारच्या तुकड्यात सरकतात आणि तिथेही तेच होतं. कोणी मुद्दाम नुकसान करत नव्हतं. झाडांवर प्रेम करणारेच त्यांना मारत होते.

माइनेकेने १९३२मध्ये यावर उपाय मांडला. या सबंध इतिहासातली सगळ्यात बुद्धिमान गोष्ट तीच आहे. त्याने माणसाला दटावलं नाही. जागेची मांडणी बदलली. रस्ता एकेरी आणि वळसा घेऊन परत येणारा. त्याला जागोजागी फाटे, प्रत्येक फाट्यावर एकच गाडी मावेल एवढी जागा. कडेला मोठाले धोंडे किंवा ओंडके असे अर्धवट पुरलेले की गाडी पुढे सरकूच नये. टेबल जड आणि जागच्या जागी, चूल दगडी आणि पक्की. टेबल आणि चूल हलत नाहीत म्हणून माणसंही त्यांच्याभोवतीच वावरतात. दोन तळांमध्ये झुडपांचा पडदा ठेवायचा, म्हणजे शेजारी असूनही आडोसा मिळतो आणि जमिनीच्या तेवढ्या भागाला अनवाणी पायही लागत नाही. पायाखालची थोडी जमीन बळी द्यायची आणि उरलेली वाचवायची, असा हा हिशेब. आज अमेरिकेतल्या कुठल्याही सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये शिरलं की हेच दिसतं: वळसा, फाटा, नंबराचा खांब, टेबल, चूल. तिथे रात्र काढणाऱ्या लाखो लोकांना हे कोणी योजलं असेल असं वाटतही नाही. इतकी ती रचना सहज अंगवळणी पडली आहे.

कागदावरचा उपाय जमिनीवर यायला हात हवे होते, आणि ते पुढच्याच वर्षी मिळाले. मंदीने देश खचला होता. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी एप्रिल १९३३मध्ये बेकार तरुणांची कामगार सेना उभी केली, सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर. महिन्याला ३० डॉलर पगार, त्यातले २५ परस्पर घरी जात. तिची पहिली छावणी व्हर्जिनियातल्या जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्रीय वनात पडली, तिचं नाव कॅम्प रूझवेल्ट. त्या जागी आता कॅम्पग्राउंड आहे. नऊ वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक तरुण या सेनेतून गेले. त्यांनी झाडं लावली, वणवे विझवले, रस्ते केले, टेहळणीचे मनोरे उभारले, आणि माइनेकेच्या नकाशाबरहुकूम शेकडो तळ घडवले. स्थानिक दगड, जाड ओंडके, हाताने तासलेले सांधे: ते काम नव्वद वर्षांनंतरही ठिकठिकाणी वापरात आहे. शहरात काम न मिळालेल्या मुलांनी स्वतः तंबूत राहून इतरांच्या मुक्कामाची सोय केली.

सगळ्यांच्या नव्हे. कृष्णवर्णीय तरुणांच्या छावण्या वेगळ्या ठेवल्या जात, आणि दक्षिणेकडच्या अनेक सार्वजनिक जागांवर कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. व्हर्जिनियातल्या क्लिफ्टन फोर्ज गावाजवळ डाउटहॅट नावाचं राज्य-उद्यान १९३६मध्ये खुलं झालं, फक्त गोऱ्यांसाठी. तिथल्या कृष्णवर्णीय नागरिकांच्या संघटनेने आम्हालाही जागा द्या अशी मागणी लावून धरली. तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टन वनातच तळं, पोहण्याचा काठ आणि सहलीच्या जागा बांधून १९४०मध्ये ग्रीन पाश्चर्स हे ठिकाण त्यांना देण्यात आलं. एका दशकाने भेद उठला, मग ठिकाणाचं नावही बदललं, आणि अलीकडे ते मूळ नाव पुन्हा लावण्यात आलं. १८९७चं दार सगळ्यांना उघडं होतं असं म्हणताना हे ग्रीन पाश्चर्स मध्ये उभं राहतं.

महायुद्धात जंगलं सुनी पडली आणि युद्ध संपताच तुडुंब भरली. पगारी रजा, स्वस्त पेट्रोल, सैन्याच्या शिल्लक मालातले तंबू आणि स्लीपिंग बॅगा, आणि मोटारीमागे ओढायचे ट्रेलर. तीसच्या दशकातले फाटे या ट्रेलरना आखूड पडू लागले. १९५७मध्ये खात्याने ‘ऑपरेशन आउटडोअर्स’ नावाची पाच वर्षांची योजना आखून नव्याने बांधकाम काढलं. १९६०च्या कायद्यात तर राष्ट्रीय वनांच्या हेतूंमध्ये मनोरंजन अधिकृतपणे दाखल झालं. लाकूड आणि पाण्याच्या पंगतीत बसायला त्याला त्रेसष्ट वर्षं लागली.

रात्र बाहेर काढायची म्हणजे निसर्गाच्या हवाली व्हायचं, हे या भरभराटीत विसरलं गेलं होतं. १७ ऑगस्ट १९५९च्या रात्री साडेअकरानंतर मोंटानात हेब्गेन लेकचा मोठा भूकंप झाला. मॅडिसन नदीच्या घळीत वनखात्याच्या रॉक क्रीक कॅम्पग्राउंडमध्ये आणि आसपास कुटुंबं झोपलेली होती. समोरचा डोंगर सुटला. सुमारे ८ कोटी टन दगड मिनिटाच्या आत घळीत उतरला, नदी अडली, आणि आठवड्यांत तिथे नवं तळं तयार झालं. भूकंपात २८ माणसं गेली. त्यांतली बरीच अजून त्या दरडीखालीच आहेत. जून २०१०मध्ये आर्कान्सातल्या वॉशिटा राष्ट्रीय वनात, अल्बर्ट पाइक या तळावर, पहाटेच्या अंधारात लिटल मिसूरी नदी तासाभरात कित्येक फूट चढली आणि २० माणसांचा बळी गेला. तळाचा काही भाग पुराच्या पट्ट्यातच बांधलेला होता. पाण्याच्या जवळ झोपावंसं वाटतं हे खरं. म्हणून तर तळ नेहमी काठावर बांधले गेले. त्या दुर्घटनेनंतर अल्बर्ट पाइकला रात्रीचा मुक्काम बंद करण्यात आला. ईगल क्रीकवरही आपत्ती आली, पण ती माणसाच्या हातून. सप्टेंबर २०१७मध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलाने पायवाटेवरून घळीत फटाका टाकला. जवळजवळ ५० हजार एकर रान पेटलं, दीडशेच्या आसपास पदयात्री अडकले आणि ती रात्र त्यांना जंगलातच काढावी लागली.

काही मुक्काम खात्याने पाहुण्यांसाठी बांधलेच नव्हते. १९१०च्या आगीनंतर शिखराशिखरावर टेहळणीच्या चौक्या उभ्या राहिल्या. चारी बाजूंनी काचा, मधोमध आगीची दिशा मोजायचं यंत्र, चौदा फूट लांबरुंद एकच खोली. वीज पडताना उभं राहायला काचेच्या पायांचं स्टूल. या नोकरीवर १९१३ साली कॅलिफोर्नियाच्या क्लॅमथ वनात हॅली डॅगेट ही बाई रुजू झाली; वनखात्यातली टेहळणीवरची पहिली स्त्री. वरिष्ठांना ती किती दिवस टिकेल याची शंका होती, पण ती पुढे कितीतरी उन्हाळे तिथे राहिली. कवी गॅरी स्नायडर याने कॅस्केड पर्वतातल्या चौक्यांवर काम केलं, आणि त्याच्या सांगण्यावरून १९५६मध्ये लेखक जॅक केरुअॅकने डेझोलेशन पीकवर ६३ दिवस काढले. विमानं आली तशा चौक्या ओस पडल्या. खातं त्या जाळून टाकत होतं, मोडत होतं. मग ऐंशीच्या दशकापासून उरलेल्या काही चौक्या रात्रीपुरत्या भाड्याने देण्याची टूम निघाली आणि त्या वाचल्या. वर पाणी नाही, वीज नाही, लाकूडफाटा स्वतः न्यायचा, तरी त्यांचं आरक्षण खुलं होताच संपतं.

पण या सगळ्या बांधीव व्यवस्थेच्या बाहेर, नंबराचा खांब नसलेल्या रानात, जुना मुक्काम चालूच आहे. कच्च्या रस्त्याने आत जायचं, आधी कोणी वापरलेली सपाट जागा हेरायची, ओढ्यापासून लांब तंबू लावायचा. टेबल नाही, नळ नाही, भाडं नाही. बहुतेक वनांत एका जागी चौदा दिवसांची मर्यादा, मग उठायचं. तळांवर शुल्क घेण्याचे अधिकार खात्याला १९६५नंतर हळूहळू वाढत मिळाले, व्यवस्थापन खासगी ठेकेदारांकडे गेलं, आरक्षण सहा महिने आधी संगणकावर करायची पाळी आली. तेव्हा २००४मध्ये काँग्रेसने कायद्यात लिहून ठेवलं की काहीच सोयी नसलेल्या मोकळ्या रानातल्या मुक्कामाला पैसे घेता येणार नाहीत. मोकळ्या रानाला धोंड्यांचं कुंपण घालता येत नाही, म्हणून माइनेकेचं तंत्र इथे चालत नाही. इथे शिकवण द्यावी लागते: चुलीचा मागमूस ठेवू नका, मैला सहा इंच खोल पुरा, आणलेलं सगळं परत न्या. खुणा मागे न ठेवण्याची ही मोहीम वनखात्यातच रुजली आणि नव्वदच्या दशकात देशभर पसरली.

मोकळ्या रानाने खात्यापुढे अवघड प्रश्नही टाकले. १९७२च्या जुलैत कोलोरॅडोत हजारो तरुण एका राष्ट्रीय वनात शांततेसाठी जमले आणि तेव्हापासून ‘रेनबो गॅदरिंग’ दर वर्षी चार जुलैच्या सुमारास वेगवेगळ्या वनात भरतं. सामुदायिक स्वयंपाकघरं, चर खणून केलेले संडास, हजारो माणसं. खात्याने १९९५मध्ये नियम केला की पंचाहत्तर किंवा अधिक लोकांच्या जमावाला परवाना लागेल. मेळाव्यातल्या लोकांचं म्हणणं असं की आमच्यात पुढारीच नाही, तर सही कोण करणार? खटले झाले, न्यायालयांनी नियम उचलून धरला, मेळावा तरीही भरत राहिला.

आणखी अवघड प्रश्न आहे तो चौदा दिवसांनंतर ज्यांना जायला घर नाही त्यांचा. ओरेगॉनमधल्या बेंड शहराची भरभराट झाली, घरभाडी चढली, आणि शहराला लागून असलेल्या डेशूट्स राष्ट्रीय वनात चायना हॅट रस्त्याच्या कडेने लोक जुन्या मोटारी आणि ट्रेलरमध्ये राहू लागले. काही तर वर्षानुवर्षं. त्यांच्यात नोकरी करणारे होते, आजारी होते, म्हातारे होते. त्यांच्या चुलींमधून वणवा लागेल ही शहराची भीती होती, आणि कोरड्या पाइनच्या त्या रानात ती साधार होती. १ मे २०२५ रोजी खात्याने तो हजारो एकरांचा टापू बंद केला. दाट वाढलेली झाडी विरळ करायची, वाळकं सरपण काढायचं आणि आगीचा धोका उतरवायचा, असं काम ठरलेलं होतं. राहणाऱ्यांच्या बाजूने न्यायालयात धाव घेण्यात आली, तिथे स्थगिती मिळाली नाही. ट्रेलर ज्यांचे चालू होते ते ओढून नेण्यात आले, बंद पडलेले तिथेच राहिले, आणि शहरातल्या निवाऱ्यांत या सगळ्यांना पुरतील एवढ्या खाटा नव्हत्या.